तळ्यावर दिलेली ओ

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं शिकलेली, लिहायची सवय असलेली असतात. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. रत्नागिरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. परीक्षेचे पेपर आणि कॉलेजचा एक प्रोजेक्ट सोडला तर आजवर काही लिहिलेलं नाही. आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नव्हता. गावात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो... आताही ‘विश्वास आहे’ असं म्हणवत नाही. पण हे माझ्या देखत झालं.

माझे अब्बा सौदीत, खमीस मुशैतला असतात. भाजीच्या घाऊक दुकानाची गाडी चालवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. सौदी म्हणजे वाळू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खमीस तर डोंगरावर — सकाळी स्वेटरवर जॅकेट चढवावं लागतं. शहराबाहेर अरारची, म्हणजे जुनिपरची जंगलं आहेत आणि त्यांच्या मधोमध जुन्या बंधाऱ्याचं एक लांबट तळं. उन्हाळ्यात रियाध-जेद्दाकडची कुटुंबं थंड हवेसाठी तिथे येतात, गालिचे पसरून मांस भाजतात, पोरांना पायडलच्या बोटीत फिरवतात. हिवाळ्यात सगळं सुनं.

आमच्या सरांनी प्रोजेक्ट दिला होता — सूचिपर्णी जंगलातलं तळं, त्याचा भूगोल आणि तिथलं पर्यटन. त्यांच्या मनात कॅनडा-फिनलंडची, बर्फात गोठणारी तळी होती. मी भीत भीत फोन करून विचारलं, तर म्हणाले, “तुझं तळं गोठत नसेल, पण तू स्वतः बघितलेलं तरी असेल. कर.”

म्हणून अब्बांच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, पहाटेची, फजरची नमाज करून आम्ही निघालो. बोटींची राखण करणारा शमीम हा बांगलादेशचा माणूस अब्बांच्या ओळखीचा. त्याने एक पिवळी प्लास्टिकची बोट सोडून दिली आणि काठावर चहा करत बसला. पाण्याची खोली मोजायला अब्बांनी दोरीला दगड बांधून आणला होता.

“कॉलेजात जाऊन शेवटी दगडच बुडवायचा होता,” अब्बा म्हणाले, “तर हसनकडं ठेवला असता तुला. फुकट शिकवलं असतं त्यानं.”

हसनचाचा म्हणजे अब्बांचे जोडीदार. सौदीला येण्याआधी अब्बा आणि ते आमच्या गावच्या खाडीत एकाच होडीवर मासे मारायचे. अब्बा इकडे आले. हसनचाचा अजून तीच होडी चालवतात, एकटे.

आम्ही तळ्याच्या मध्यावर पोचलो आणि धुकं आलं. डोंगराखालच्या किनारपट्टीकडून दमट हवा वर चढते आणि तिचं इथे धुकं होतं — हे मीच प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं. पण इतकं दाट बघितलं नव्हतं. झाडं गेली, काठ गेला. समोर बसलेले अब्बा तेवढे दिसत होते. अब्बांनी पायडल थांबवलं. “बस गप. जाईल आता.”

तेवढ्यात हाक आली.

“इस्माल्याऽऽ...”

अब्बांचं नाव इस्माईल. सौदीत सगळे त्यांना इस्माईलभाई म्हणतात. इस्माल्या म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. दोघांनीही ऐकलं होतं.

आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, की माणूस दिसत नसेल आणि हाक आली तर ओ द्यायची नाही. तीनदा हाक मारली तरच ते माणूस. अम्मी तर दाराबाहेरून शेजारणीने हाक मारली तरी तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प बसते आणि मग दोघी भांडतात. मी या सगळ्याला हसायचो. पण त्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अब्बा, ओ देऊ नका.”

“हसनचा आवाज हाय तो.”

“हसनचाचा इथे कसे असतील? ओ देऊ नका.”

आम्ही वाट बघितली. दुसरी हाक आली नाही. पाण्यावर हात मारल्याचा आवाज मात्र यायला लागला — दमलेला माणूस मारतो तसा, थांबून थांबून.

“घरात बसलेल्यानं ओ द्यायची नाय, ते बरोबर,” अब्बा हळूच म्हणाले. “पाण्यावर बसलेल्यानं द्यायची. धुक्यात हाक आली आणि ओ नाय दिली, तर तो माणूस समुद्राकडं जातो.”

“इथे समुद्र नाही, अब्बा.”

ते उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “ओऽऽ... हसन... इकडं ये, इकडं.”

मी त्यांचा शर्ट धरून ओढत होतो. ओ देऊ नका, ओ देऊ नका, एवढंच बोलत होतो. मला रडू येत होतं. अब्बा ओ देत राहिले. आणि प्रत्येक ओ नंतर तो पाण्याचा आवाज जवळ येत गेला. धाप लागलेली ऐकू यायला लागली. बोटीपासून हातभर अंतरावर आली... आणि पाणी तर मला दिसत होतं. तिथे काही नव्हतं.

मग बोटीची डावी कड खाली गेली. कुणीतरी धरून लोंबकळावं तशी. अब्बा झटकन उजवीकडे झुकले, खाडीत वर्षानुवर्षं केल्यासारखे, नाहीतर आम्ही उलटलोच असतो. तशीच राहिली ती कड, बराच वेळ. मी डोळे मिटून घेतले होते. मग बोट एकदम सरळ झाली आणि सगळं शांत झालं.

डोळे उघडले तर अब्बा त्या कडेवरचं पाणी बोटाने जिभेला लावून बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“खारं हाय,” ते म्हणाले.

मीही चाखलं. खारंच होतं. तळ्यातलं ओंजळभर घेऊन चाखलं, ते गोडं.

धुकं विरलं तसे काठावर आलो. शमीम विचारायला लागला, “भाई, किसको बुला रहे थे?”

“दुसरी आवाज सुनी तूने?”

“नहीं. सिर्फ आपकी. मैं समझा बेटा गिर गया.”

परतताना अब्बा मला म्हणाले, “घरी यातलं काय बोलू नको. आणि मी पण नाय बोलत.” रस्त्याला नेटवर्क आलं तसा त्यांनी हसनचाचांना फोन लावला. बंद. पुन्हा पुन्हा लावला. बंदच.

संध्याकाळी अम्मीचा फोन आला. सकाळी खाडीवर धुकं होतं, हसनचाचांची होडी उलटी सापडली. ते स्वतः आत तिवराच्या झाडीत चिखलात पडलेले मिळाले. जिवंत होते, पण शुद्ध नव्हती. दवाखान्यात ठेवलं होतं.

त्यानंतर अब्बा कामावर जायचे, यायचे, जेवणाला नुसतं बसायचे. एकदा म्हणाले, “तो खाडीत होता. मी त्याला ‘इकडं ये’ म्हटलं. म्हणजे मी त्याला कुठं बोलावला रं?” हसनचाचा गेले असते तर अब्बांनी ते स्वतःवर घेतलं असतं, हे मला दिसत होतं.

मी प्रोजेक्ट पूर्ण केला. तळ्याची खोली लिहिली नाही. सरांनी कारण विचारलं, तर धुकं होतं म्हणालो. धुक्यात आवाज लांबवर जातो वगैरे मी नंतर वाचलं. पण समुद्र ओलांडून? आणि खारं पाणी? मला समजत नाही, आणि ज्यांना विचारावं असं कुणी माहीत नाही.

शेवटी, मी परत निघायच्या आदल्या दिवशी, अम्मीने व्हॉइस मेसेज पाठवला. हसनचाचा शुद्धीवर आले होते, बोलत होते. आवाज खोल गेलेला, पण त्यांचाच.

“इस्माल्या, वाचलो रं. तुझी ओ ऐकत ऐकत आलो. एका होडीची कड हाताला लागली — गुळगुळीत, लाकडाची नव्हती. ती धरून दम घेतला, मग पायाला चिखल लागला. लोकांना सांगितलं तर म्हणतात ताप चढलाय... एक सांग. तुझ्यासंगं तो पोरगा कोण होता? सारखा रडत होता, ओ देऊ नका, ओ देऊ नका.”