हायडेलबर्गमधलं टोकेलाऊचं सरकार

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी हायडेलबर्गला भूगोलात डॉक्टरेट करत होते आणि माझा विषय होता टोकेलाऊ. "हे आणखी कुठे आलं बाई?" असं पुण्याहून आई प्रत्येक पत्रात विचारायची. सामोआच्या उत्तरेला, भर पॅसिफिकमध्ये, प्रवाळाच्या तीन बांगड्या टाकून द्याव्यात तशी ती तीन बेटं. बांगडीच्या काठावर चिमूटभर जमीन, मधे खारं तळं. डोंगर नाही, नदी नाही, नारळाच्या झाडाहून उंच काहीच नाही. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी. बंदरसुद्धा नाही, कधीतरी येणारं जहाज लांब उभं राहतं आणि माणसं होडीतून खडक चुकवत ये-जा करतात. राज्य न्यूझीलंडचं.

राज्यकारभाराचं प्रकरण मी फार झोकात लिहिलं होतं. प्रशासक कोण, तो कुठे बसतो, कायदे कोण करतो, सगळं. माझ्या प्राध्यापकांनी ते वाचून एवढंच विचारलं, "बरं, फ्रॉयलाइन, पण तिथे ऐकतात कुणाचं?" मला असा राग आला! स्वतः कधी त्या बाजूला फिरकले नव्हते. मीही नव्हते म्हणा.

त्याच हिवाळ्यात त्यांनीच मला सांगितलं की टोकेलाऊचा एक खलाशी इथल्या दवाखान्यात आहे. हॅम्बुर्गला जहाजावर आजारी पडला, छातीत गाठ निघाली, म्हणून ऑपरेशनसाठी इकडे पाठवलाय. मी कोट अंगात घालत घालतच ट्राम पकडली.

तो तिशीतला होता. खांदे दाराएवढे, पण गालफडं बसलेली. शाळेत शिकलेलं इंग्रजी बरं बोलायचा. खोलीत तो सोडून सगळे म्हातारे, कुणाचं पोट शिवलेलं, कुणाचा हर्निया. मी त्याला त्याच्या बेटांची नावं, तळी, गावं धडाधडा म्हणून दाखवली. तो हसून म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात?" नाही म्हणताना मला अगदी कसंसंच झालं.

बाहेर आले तर ओबरश्वेस्टरनं, म्हणजे तिथल्या मोठ्या सिस्टरबाईंनी, मला गाठलं. डॉक्टर म्हणत होते की अंगात ताकद आल्याशिवाय भूल देता येणार नाही, आणि ऑपरेशन लांबलं तर हा घर बघायचा नाही. त्याला दुप्पट जेवण चालू होतं. लोणी, अंडी, मांस, सगळं. तरी वजन उतरतच होतं. "घरची आठवण येत असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडच्याच ना?" आता पुणं आणि टोकेलाऊ यांच्यात किती समुद्र आहे ते त्यांना कुठे सांगत बसू? मी हो म्हटलं.

नारळाच्या देशातला माणूस, म्हणून मी नारळाच्या वड्या केल्या. ताजा नारळ तिथे मिळतोय कसला! केकमध्ये घालतात तो सुका कीस दुधात भिजवला, आईनं पाठवलेली वेलची सढळ हातानं घातली आणि घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात घोटत बसले. वड्या झकास पडल्या. मी त्याच्या हातात डबा दिला आणि बजावलं, "फक्त तुझ्यासाठी."

त्यानं डबा उघडला, वास घेतला, डोळे मिटले. मग उठला आणि भिंतीला धरत धरत खाटेखाटेशी जाऊन वड्या वाटायला लागला. खिडकीजवळचा रेल्वेतला निवृत्त अधिकारी तर माझ्याकडे पाठ करून पडलेला, एरवी 'गूटन टाग'सुद्धा न म्हणणारा. त्यालाही दिल्या. शेवटी एक माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली एक स्वतःच्या तोंडात टाकली.

माझं डोकंच फिरलं. "अरे, तुझ्यासाठी केल्या होत्या ना?"

"एकट्यासाठी कसं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते.

इतक्यात दुपारचं जेवण आलं. त्याच्या ताटात मोठा सॉसेज, बाकीच्यांना शोनकोस्ट, म्हणजे पथ्याचं बेचव बटाट्याचं पातळ. सिस्टरची पाठ वळताच यानं सॉसेजचे तुकडे केले आणि सगळीकडे पोचवले. आणि ते पथ्यावरचे म्हातारे कसे मिटक्या मारत खात होते म्हणून सांगू! रेल्वेवाल्यानं तर बोटं चाटली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, हे तर मीच लिहिलंय! टोकेलाऊत समुद्रातून मासे आले की ते किनाऱ्यावर मांडतात आणि घराघराला सारखे वाटतात. मासे धरणाऱ्याला जेवढे, तेवढेच विधवेला आणि लंगड्यालाही. या खोलीत जास्तीचं जे येतं ते त्याच्या लेखी सगळ्या घराचं होतं, आणि सिस्टरबाई जेवढं वाढवत होत्या तेवढं तो वाटत होता.

मी त्याला समजावलं, रागावले, शेवटी अक्षरशः हात जोडले. डॉक्टरांचा हुकूम आहे म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, "डॉक्टर चांगले आहेत. पण तरुण आहेत."

तरुण आहेत! आमच्या गावात ऐकतात ते म्हाताऱ्यांच्या बैठकीचं, असंच तो सांगत होता. न्यूझीलंडचा साहेब येतो, कागद देतो, जातो. गावचे वडीलधारे बसतात आणि ठरवतात, ते ठरतं. प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर समोर खाटेवर बसलं होतं.

मी तडक खिडकीशी गेले आणि रेल्वेवाल्याला जर्मनमध्ये सुनावलं, "आजोबा, तुम्ही रोज त्याचा सॉसेज खाता आणि तो मरायला टेकलाय." एवढं स्पष्ट बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं होतं की पोराला जर्मन जेवण आवडत नाही. मग मी बेटावरची बैठक काय असते ते सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे सदऱ्याची बटणं लावून आपापल्या खाटेच्या काठावर ताठ बसले होते. रेल्वेवाले आजोबा उभे राहिले, सगळ्यांकडे नजर फिरवली, सगळ्यांनी "या, या", म्हणजे हो, हो, म्हणून माना हलवल्या, आणि त्यांनी स्टेशनावर घोषणा करावी तशा आवाजात निकाल दिला. या घरात जास्तीचं जे येईल तो या मुलाचा वाटा. तो त्यानंच खायचा.

मी इंग्रजीत सांगितलं, "वडीलधाऱ्यांनी ठरवलंय. खा."

त्यानं एकेकाकडे पाहिलं आणि खायला लागला. रडत रडत खात होता. आजोबांनी सॉसेजकडे बघायचं टाळून आपलं पातळ संपवलं. सिस्टरबाई दारात उभ्या होत्या. दवाखान्यात असल्या बैठका घ्यायला मनाई आहे असं त्या पुटपुटल्या, पण आत आल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. नीट झालं.

तो निघाला त्या दिवशी मी पोचवायला गेले. आजोबांना आधीच घरी सोडलं होतं, तरी ते मुद्दाम बायकोच्या हातचा केक घेऊन आले होते, आणि कापायचं काम अर्थात त्यांच्याचकडे. गेनाऊ, अगदी तंतोतंत सारखे तुकडे! मी दारापाशीच उभी होते. हायडेलबर्गमध्ये मी खोलीत एकटीच, खिडकीशी उभ्या उभ्या पाव खायची. माझं ताट कुणी मांडावं अशी सवयच उरली नव्हती. खलाशी आजोबांच्या कानाशी वाकून, येत होत्या तेवढ्या जर्मन शब्दांत, काहीतरी म्हणाला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. माना हलल्या. मग त्यांनी एक तुकडा बशीत ठेवून माझ्यापुढे धरला.

"नको नको, खरंच नको, मी खाऊन आलेय," मी आपल्या सवयीनं म्हटलं.

"वडीलधाऱ्यांनी ठरवलंय," खलाशी म्हणाला. "तुम्ही या घरच्या. खा."

मी खाल्ला.