जिभेला धरणारा दगड

कोसारटोल्यात नवी चूल घालायची असली की माती कुठली आणायची हे ठमाबाई खोब्रागडेला विचारत. पाटलाच्या घरच्या बायाही विचारत, फक्त बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशी उभ्या राहून, लांबूनच. ठमाबाई वाळका खडा जिभेच्या टोकावर ठेवायची. तो जिभेला धरून बसला तर माती चुलीची. सुटून पडला तर चूल दोन महिन्यांत भेगाळणार. चारही खेपांना पोटुशी असताना तिने तलावाकाठची माती भाजून खाल्ली होती. गावाच्या चारी दिशा माझ्या तोंडात आहेत, असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची.

छप्पन साली, नवी नवरी असताना, ती नवऱ्यासोबत बैलगाडीने चांद्याला दीक्षेला गेली होती. परत आल्यावर सासऱ्याने घरचे देव तलावात सोडले आणि ठमाबाईने मनात एक गोष्ट ठरवली. कुणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायचं नाही. नवरा गेला, पोरी सासरी गेल्या, तरी मजुरीला निघताना तिच्या डोक्यावरच्या टोपल्यात तिचा तांब्या असायचाच.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तलावापलीकडच्या झुडपी जंगलात सरकारी भूगर्भवाल्यांचे तंबू पडले. मुख्य होते नागपूरचे देवपुजारी साहेब, चाळिशीचे, उन्हाने नाक सोललेले. टेकाडाच्या पायथ्याशी त्यांनी दोरी बांधून चौकोन आखला. दोरीच्या आत बसून ब्रशाने माती झाडायचं काम पाटलाने धाडलेल्या तीन गड्यांना मिळालं. ठमाबाई आणि मोहल्ल्यातल्या बायांना दोरीबाहेरचं. टेकाडावर फिरायचं, पांढरे दगड वेचायचे आणि टोपलं तंबूशी नेऊन द्यायचं.

पहिल्या दिवशी साहेबांनी एक तुकडा जिभेला लावून दाखवला. दगड नुसता असेल तर सुटतो, हाड असेल तर चिकटतो, म्हणाले. माणूस जन्मायच्या आधी इथे मोठाली जनावरं हिंडत होती, त्यांची हाडं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एवढा शिकलेला माणूस आणि दगड चाटतो. ठमाबाई हसली नाही. तिला वाटलं, हा आपल्याच धंद्यातला माणूस आहे. इतकी वर्षं तिला कुणी जोडीदार भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक दगड टोपल्यात टाकण्याआधी चाखू लागली. बहुतेक सुटायचे. पण टेकाडाच्या उतरणीला, एका वाळक्या पळसाखाली, जिभेला धरणारे सापडू लागले. ते ती टोपल्यात वर ठेवी. दुपारी साहेब टेबलाशी बसत, एकेक उचलून जिभेला लावत आणि मागे फेकून देत. तिचे वरचे दगडही गेले. तिसऱ्या दिवशी गेले, पाचव्या दिवशी गेले.

तिला कुणी काही बोललं नाही. पण रात्री भाकरी गोड लागेना. आपली जीभ म्हातारी झाली की काय, या विचाराने ती नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा घाबरली. वाचता येत नव्हतं, शेत नव्हतं. जगात एक गोष्ट तिला इतरांपेक्षा नक्की कळायची, आणि तीच खोटी ठरत होती. त्यातच साहेबांनी सांगितलं की इथे काही नाही, सोमवारी तंबू हलतील.

शनिवारी ती टोपलं देऊन लगेच निघाली नाही. गुडघा दुखतो म्हणून मोहाच्या झाडाखाली बसली. कॅम्पचा स्वयंपाकी बिरजू बाहेर आला. तसा तो वाईट माणूस नव्हता, बायांना आजारपणात गोळ्याही द्यायचा. त्याने टोपल्यावर बादलीभर पाणी मारलं, मग दगड उचलून टेबलावर मांडले. धूळ जाते, असं तो म्हणायचा. दोरीच्या आतल्या गड्यांचं टोपलं त्याच्या शेजारीच होतं, धुळीने माखलेलं. ते त्याने तसंच कोरडं उचललं.

ठमाबाई बघत राहिली. साहेबांनी ओला दगड जिभेला लावला आणि फेकला.

तिला आधी हसू आलं, मग राग, आणि मग एवढं हलकं वाटलं की गुडघा खरंच दुखायचा थांबला. ओल्या मातीने जिभेला काय धरावं? जीभ शाबूत होती.

ती उठून टेकाडावर गेली. पळसाखालचा एक तुकडा उचलला, चाखला, पदराच्या गाठीत बांधला आणि बिरजूला ओलांडून सरळ टेबलाशी आली. बिरजू म्हणाला, बाई, इथी ठेव. ती थांबली नाही. साहेबांसमोर तिने गाठ सोडली.

"साहेब, हा पाहा."

साहेबांनी दगड उचलला. तोंडाजवळ नेला तेव्हा ती म्हणाली, "मी चाखेल आहे त्याले. आधीच सांगून राह्यली."

साहेबांचा हात तिथेच थांबला. बिरजूने मान दुसरीकडे वळवली. हात किती वेळ थांबला हे ठमाबाई पुढे कधी सारखं सांगत नसे. कधी म्हणायची विडी ओढून होईस्तोवर, कधी म्हणायची डोळा लवेस्तोवर. पण थांबला, हे दर वेळी सांगायची.

मग साहेबांनी दगड जिभेला लावला आणि हात सोडला. दगड लोंबकळत राहिला. त्यांना बोलायचं होतं, बोलता येईना, आणि त्या अवस्थेत त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

ओढून काढल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला हा?"

"रोजच्याच जागेचा. रोज आणून देतो तुमाले. बिरजूभाऊ त्याले आंघोळ घालते."

साहेब बिरजूकडे वळले. धूळ, साहेब, एवढंच बिरजू म्हणाला. साहेबांनी दोन्ही टोपली पाहिली, एक ओलं, एक कोरडं. त्यांचे कान लाल झाले. आठवडाभर तो सगळा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता.

सोमवारी तंबू हलले नाहीत. दोरी सोडून ठमाबाईने दाखवलेल्या पळसाखाली नवी बांधली. पाटलाचे गडी सवयीने आत जाऊन बसले. साहेबांनी त्यांच्यातल्या एकाच्या हातातला ब्रश मागून घेतला आणि दोरी एका हाताने वर धरून उभे राहिले. ठमाबाईने टोपलं उतरवलं, तांब्या आपल्याजवळ घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत वाकून आत गेली. ब्रश आडवा धरायचा की उभा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. सारवण्यासारखंच होतं, फक्त उलट.

पाऊण तासाने मातीतून एक पांढरी, मांडीएवढी जाड कड वर येऊ लागली. साहेब तिच्या पाठीशी वाकले होते.

"साहेब, जरा सरका," ठमाबाई मान वर न करता म्हणाली. "सावली पडून राह्यली तुमची."

देवपुजारी साहेब दोन पावलं मागे सरकले.