एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की

होमस्टे चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. पाहुण्यांचे विसरलेले चार्जर आणि पाहुण्यांचे किस्से. चार्जर कुरिअरने पाठवून देता येतात. किस्से मात्र घरातच राहतात आणि कोणी चहाला टेकलं की आपोआप बाहेर पडतात.

माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकाच तुकडीचे आहेत. गेल्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या एका कॉलेजच्या रोइंग टीमच्या नऊ मुली आणि त्यांची कोच आमच्याकडे तीन आठवडे राहून गेल्या. आमची वाडी आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. मुली सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने, आमची अंगणवाडी बांधायला आल्या होत्या. आपली पोरं सुट्टी लागली की गोव्याला पळतात आणि या गोव्याच्या विमानतळावर उतरून सरळ आमच्याकडे चिरे उचलायला आल्या!

अंगणवाडीच्या सुनंदाबाई म्हणजे वाडीतल्या निम्म्या माणसांच्या पहिल्या बाई. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे, अंगणवाडी कधी कोणाच्या पडवीत, कधी देवळाच्या मंडपात, कधी आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. इमारत मंजूर झाली, भिंती कमरेपर्यंत आल्या आणि काम तिथेच राहिलं. एप्रिलअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्यांचं मागणं एवढंच होतं, "एक दिस तरी माझ्या अंगणवाडीत माका हजेरी घेवक गावांदे."

* * *

पहिल्याच संध्याकाळी मुली खाडीवर गेल्या. आमच्या शेजारच्या नानूने कौतुकाने आपली होडी दिली. मुली होडीत बसल्या त्या सगळ्या पाठमोऱ्या, जायचं त्या दिशेला पाठ करून. नानूला वाटलं, चुकून बसल्या. त्याने काठावरून हातवारे करून फिरून बसायला सांगितलं. त्यांनीही हसून हात हलवला आणि होडी भलत्या वेगाने पाठीच्या दिशेने निघून गेली.

"फुडचा दिसणा नाय तर ही जातत खंय?" नानूने मला विचारलं.

मी सांगितलं, आठजणी वल्ही मारतात आणि नववी, ती बुटकी एमी, तोंड पुढे करून बसते. ती वल्हं मारत नाही. ती फक्त ओरडते आणि बाकीच्या तिचं ऐकतात.

नानूने बराच विचार केला. मग म्हणाला, "म्हणजे आमचो गावकारच."

* * *

खऱ्या गावकारांची, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलण्याचा मान असलेल्या आबांची, गाठ दुसऱ्या दिवशी पडली. आमच्याकडे रवळनाथाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लागत नाही. मुलींना देवळात नेऊन ओळीने उभं केलं. आबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि खर्ज लावला.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा, आज ही परमुलखातली चेडवा तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"सुनंदेच्या अंगणवाडीचा जा काम हाती घेतला हा, ता तडीस ने. कोणाची वायट नजर लागली आसात तर ती परस्पर भायर काढ."

"व्हय म्हाराजा!"

या दुसऱ्या वेळेला नऊ आवाज जास्तीचे होते. बोटीत एमीच्या हाकेला एका दमात ओ द्यायची सवय त्यांना, शिकवावं लागलंच नाही. देवळाच्या आढ्यातली पाखरं उडाली. आबांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि गाऱ्हाणं चांगलं लांबवलं.

बाहेर आल्यावर एमीने अर्थ विचारला. मी सांगितला. वर थोडं तिखटमीठ माझ्या पदरचं लावलं, की एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की ते देवासमोर कबूल केल्यासारखं असतं, मग मागे फिरता येत नाही. एप्रिलचं ऊन पाहून या मुली चार दिवसांत पळतील अशी मला धास्ती होती, म्हणून म्हटलं. एमीने ते फारच गंभीरपणे टीमला सांगितलं.

* * *

बाबल मेस्त्री म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना गवंडी आणि सगळ्यात जुना तक्रारखोर. मुली बांधकामाला येणार म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला होता. पहिल्या दिवशी चिऱ्यांचा ढीग दाखवून तो म्हणाला, एवढे भिंतीजवळ आणून ठेवा, मी चहा घेऊन येतो. त्याला वाटलं, दोन दिवसांची निश्चिंती.

चहा घेऊन आला तर ढीग होता तिथेच होता. मुली मात्र घामाने निथळत होत्या, दोघी तर आडव्या पडलेल्या. मेस्त्री माझ्याकडे धावत आला. म्हणाला, चेडवांना ऊन लागलं, एकही चिरा हलला नाही, मी आधीच सांगत होतो.

मी कोचला विचारलं. तर कोचबाईंनी दोन गट करून शर्यत लावली होती. एका गटाने चिरे भिंतीपर्यंत न्यायचे, दुसऱ्याने परत आणायचे. चिरे सगळेच्या सगळे, दोन वेळा जाऊन आले होते!

मेस्त्रीने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग मला हळूच म्हणाला, "वैनी, तेंका सांगा, परत हाडूचा नाय. न्हेवचा आणि थंयच ठेवचा."

* * *

व्हय म्हाराजाचा पहिला गैरवापर नानूने केला. त्याची होडी भरतीच्या रेषेवर ओढायची होती आणि मुली समोरून चालल्या होत्या. नानूने खाडीकडे तोंड करून हात जोडले आणि नजरेने होडी दाखवत हुबेहूब आबांच्या सुरात सुरू केलं, की बा म्हाराजा, ही होडी वरती घेवची आसा. नऊजणी जागीच थांबल्या. "व्हय म्हाराजा!" आणि पुढच्या क्षणी होडी माडांच्या मुळाशी.

ही बातमी वाडीभर व्हायला कितीसा वेळ लागतो! त्या आठवड्यात पार्वतीकाकूंची लाकडं रचून झाली, कोणाचा शेणखताचा खड्डा उपसून झाला, क्रिकेटच्या पिचवर रोलर फिरला. सूर तेवढा लावता आला पाहिजे, एवढीच अट. कोचबाई शेवटी माझ्याकडे आल्या. टीम रात्री जेवताना ताटावरच झोपते, हे काय चाललं आहे?

मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. तिखटमीठ माझंच होतं. मी आबांकडे गेले. आबा तापले. त्यांनी देवळाच्या मंडपात सगळ्यांना बोलावून अशी काही हजेरी घेतली की नानू खांबाआड गेला. गाऱ्हाणं म्हणजे काय हमाल बोलवायची शिट्टी आहे काय? गाऱ्हाणं घालायचा मान गावकाराचा. यापुढे दुसऱ्या कोणी तोंड उघडलं तर त्याला देवस्थानाचा दंड. सगळे माना खाली घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर एकही मुलगी नाही. शोधत गेले तर नऊजणी आबांच्या विहिरीत, गाळ काढत. आबा काठावर खुर्ची टाकून बसलेले.

 आबा म्हणाले, "मान माझोच मां?"

* * *

एका सकाळी खाडीच्या तोंडाशी समुद्रकिनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे अख्ख्या गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. ज्याचा दोरीला हात लागला त्याला माशांचा वाटा, मग तो कोणी का असेना. मुलींनी दोरी धरली, एमी वाळूत उभी राहून ओरडायला लागली आणि थोड्याच वेळात आमचे लोकही तिच्या तालावर मागे रेलायला लागले.

वाटे घालताना मात्र अडलं. मुली म्हणाल्या, आम्ही सेवा करायला आलोय, मोबदला घेणार नाही. रापणकरांचे चेहरे उतरले. वाटा नाकारणं म्हणजे जाळ्याला नाट लावणं. मी मुलींना ते समजावलं तेव्हा कुठे त्या बांगडे घ्यायला तयार झाल्या. मग रापणकरांच्यातच वाद लागला, एमीला वाटा द्यायचा की नाही. तिने दोरीला हातच लावला नव्हता, ती नुसती ओरडत होती.

तंटा वाढला तेव्हा नानू म्हणाला, "गावकाराक देतो मां आपण?"

एमीला दोन वाटे मिळाले. आबा दोन दिवस नानूशी बोलले नाहीत.

* * *

स्लॅबच्या दिवशी सगळी वाडी लोटली होती. खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी, घमेली हातोहात वर जाणार. आमच्यातल्या बायका, मुली, कणकवलीहून आणलेले मजूर, मध्ये मध्ये आबासुद्धा. सुनंदाबाई नव्या पातळात, डोक्यावर टॉवेल टाकून पहिलं घमेलं द्यायला उभ्या. मग एमीने ताल धरला. काँक्रीट इतक्या वेगाने वर जायला लागलं की बाबल मेस्त्री वरून ओरडू लागला, "सावकास, मेल्यानू, माका पुरून टाकशात!" दुपारच्या आत स्लॅब टाकून झाला. मेस्त्रीने जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी बरं म्हटलं.

बाईंनी स्लॅबकडे डोळे भरून पाहिलं आणि मेस्त्रीला विचारलं, आता मुलांना घेऊन आत कधी बसू?

मेस्त्री हात धूत होता. स्लॅबखालचे टेकू तीन आठवडे तरी काढता येत नाहीत आणि टेकूंच्या जंगलात लहान मुलांना तो पाऊल टाकू देणार नाही, असं त्याने सांगितलं. त्याचं चूक नव्हतं. पण बाईंच्या नोकरीचे आठच दिवस उरले होते.  त्यांनी टॉवेल घडी करून काखेत मारला आणि त्या घरी गेल्या.  बाईंना काय झालं ते मुलींनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, या वेळी मीठमिरची न लावता.

* * *

बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि मुलींचा आमच्याकडचा शेवटचा दिवस एकच होता. सकाळी एमी बाबल मेस्त्रीकडे गेली आणि मला मध्ये घालून तिने विचारलं, लहान मुलं नकोत, पण मोठी चालतील का? मेस्त्रीने डोकं खाजवलं. म्हणाला, टेकूंना धक्का लावायचा नाही.

दहा वाजता सुनंदाबाईंना आणलं तर आत नऊजणी टेकूंच्या मध्ये मांडी घालून बसलेल्या. लांब पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. खरी पोरं बाहेर खिडकीला लोंबकळलेली. बाई दारात क्षणभर थांबल्या. मग आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि रोजच्यासारखी हजेरी घेतली. नखं तपासली, सगळ्यांची सिमेंटने भरलेली निघाली, सगळ्यांना कान धरायला लावले. एमी शेजारणीशी बोलली म्हणून तिला टेकूजवळ उभं केलं. अंगणवाडीचं गाणं हातवाऱ्यांसकट म्हणून घेतलं. खिचडी वाढली. मी खिडकीतल्या पोरांत उभी राहून रडत होते आणि हसतही होते.

बारा वाजले. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि रोज पोरांना सोडताना म्हणत तेच सवयीने म्हणाल्या, "फाल्या सगळ्यांनी वेळार येवचा. उशीर करूचो नाय."

मी खिडकीतून इंग्रजीत सांगितलं, उद्या सगळ्यांनी वेळेवर यायचं. नऊजणींनी हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

  दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तर गोव्याच्या मोपा विमानतळाची गाडी सांगितलेली होती.

गाडी वेळेवर आली, सामान चढलं, निरोप झाले. मीही फाट्यापर्यंत म्हणून गाडीत बसले. फाट्याच्या आधीच एमीने ड्रायव्हरला डावीकडे वळायला लावलं. ड्रायव्हर म्हणाला, विमान चुकेल. कोचबाईंनी घड्याळ पाहिलं आणि हाताने वळायची खूण केली. गाडी अंगणवाडीसमोर थांबली आणि मुली धावतच उतरल्या.

सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. न्हाऊन, केसांत अबोलीचा वळेसर माळून, हातात किल्ली.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग नऊजणींकडे पाहिलं.

"उशीर झालो," त्या म्हणाल्या.

मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नऊजणींनी कान धरले.