आमचे मामा आणि कुडपणची डबल काच

माझ्या मामेसासऱ्यांसारखा दाराखिडक्यांवर जीव टाकणारा माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि खरं सांगू का, झाला असता तर आम्हाला झेपलाही नसता. माणसं पाहुणी गेली की पाणी पितात, चहा घेतात, लेकीसुनांची चौकशी करतात. मामा आधी दार हलवून बघतात. उघडतात, मिटतात, कान देऊन ऐकतात आणि मग चपला काढतात. मला बघायला ही मंडळी वरंधला आमच्या घरी आली तेव्हा मी नवी साडी नेसून, पोह्यांच्या बशा घेऊन, मान खाली घालून बाहेर आले, तर बाकी सगळे माझ्याकडे बघतायत आणि एक गृहस्थ माजघराच्या दाराशी उकिडवे बसून बिजागरीत खोबरेल सोडतायत. तेलाची बाटलीसुद्धा आमच्याच देवळीतली. माझ्या वडिलांनी आदरानं विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" तर मामा मान वर न करता म्हणाले, "मुलगी बरीच असंल. ह्या दाराची बिजागरी अर्धी सुटल्ये, तरी एवढी वर्षं उभं हाय. निभावून न्येणारं घर दिसतंय." झालं! माझं लग्न त्या दारावर ठरलं. आमचे हे आजही भांडणात म्हणतात, "तुला मी नाही पसंत केली, मामांनी दार पसंत केलं."

मामांची सगळी नोकरी मुंबईत एका चष्म्याच्या दुकानात गेली. आत बसून भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. त्यामुळे जगातल्या प्रत्येक काचेला ते डोळा समजतात आणि स्वतःला डॉक्टर. काच दिसली की तोंड जवळ नेऊन तिच्यावर 'हाऽऽ' करून वाफ सोडायची, खिशातल्या मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची, एक डोळा मिटून तिच्यातून पलीकडे बघायचं, मग निदान. आमच्या महाडच्या घरात आले की टीव्हीपासून माझ्या देवघरातल्या तसबिरींपर्यंत सगळ्यांची तपासणी होते. एकदा बँकेत माझ्यासोबत आले होते, तर कॅशियरच्या समोरच्या काचेवर 'हाऽऽ' केलं. आतला बिचारा दचकून मागे सरकला. मी शरमेनं अर्धी झाले. मामा मात्र शांतपणे पुसून म्हणाले, "आता साहेबांना गिऱ्हाईक स्वच्छ दिसंल."

मामी गेल्यापासून ते उमरठला एकटे राहतात. एकटे म्हणायचं इतकंच, घरात कधी सापडत नाहीत. कुणाचं दार फुगलं, कुणाची कडी बसत नाही, कुणाच्या खिडकीचा गज हलतोय, अशी हाक आली की खांद्याला पिशवी लावून निघाले. पिशवीत पेचकस, पटाशी, मेणबत्तीचं थोटूक, मामींच्या जुन्या लुगड्याची फडकी आणि केसांचे आकडे. आकडे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "बारीक भोकातला मळ काढाय ह्याच्यावानी हत्यार नाय गो." तुटलं, मोडलं हे शब्द त्यांना चालत नाहीत. दार 'दुखावतं', कडी 'रुसते', काच 'उदास होते'. आता एवढी माया लावली म्हणून प्रत्येक वस्तू बरी होतेच असं काही नाही. आमच्या न्हाणीघराचं दार त्यांनी असं दुरुस्त केलं, की ते ना आतून उघडे, ना बाहेरून. आमचे हे आत, साबण डोळ्यांत, आणि बाहेर मामा दाराची समजूत घालतायत. पण एक सांगते, दार मोकळं होईपर्यंत हा माणूस तिथून हलला नाही. चहा दिला तर चहासुद्धा दाराशीच प्यायला.

तर अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या घराला डबल काचेच्या खिडक्या लागल्या, तेव्हा मामांचं काय झालं असेल विचार करा! आई राहतात वर कुडपणला. पावसाळ्यात तिथं धुकं घरात येऊन बसतं, चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, वारा कौलं मोजून नेतो. मुंबईच्या आमच्या थोरल्या भावजींनी घर नवीन बांधलं आणि हौसेनं दोन काचांच्या, मध्ये हवा कोंडलेल्या, वारा-पाऊस आत न सोडणाऱ्या खिडक्या बसवल्या. पडवीला सरकतं दारही तसलंच. त्यांचं म्हणणं एकच होतं, "आई, तू खाली राहायला येत नाहीस ना? मग निदान मला मुंबईत झोप लागेल असं तरी घर असू दे." खिडक्या बसल्या त्या दिवशी मामा उमरठहून आले आणि पुढच्या खिडकीसमोर पाट मांडून बसले. जेवणसुद्धा तिथंच. "आक्का, हा नुसता डोळा नाय गो, चष्मा लावलेला डोळा हाय!"

आईंनाही ती खिडकी आवडली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांचा दिवस तिथंच जायचा. समोर गोठा, गोठ्यात म्हस, पलीकडे शेवंताकाकूंचं घर. तांदूळ निवडता निवडता सगळ्या वाडीवर नजर. एकच तक्रार होती. आमच्या वाडीत कुणी दार वाजवत नाही. अंगणातून हाक मारतात, "हाय का गो घरात?" आतून "ये गो" आलं की पाऊल टाकायचं. डबल काचेतून हाक आत येईना. शेवंताकाकू अंगणात ओरडून ओरडून परत जायच्या आणि वाडीत सांगायच्या, म्हातारीला गर्व झाला.

पुढं मे महिना आला. मे महिन्यात आमच्याकडं आगोट असते, म्हणजे पावसाच्या आधीची घराची तयारी. लाकडं भरायची, कौलं चाळायची आणि मुख्य म्हणजे घराला जिथं म्हणून भोक, फट, चीर असेल ती बुजवायची. एक भोक राहिलं की पाऊस तिथून पाहुणा येतो, हे इथलं पोर पाळण्यात शिकतं. मामा बहिणीच्या आगोटीला दरवर्षी न चुकता यायचे. ह्या वेळी खिडक्या न्याहाळताना त्यांना चौकटीच्या खालच्या पट्टीत बारीक भोकं दिसली. प्रत्येक खिडकीला. दाराच्या रुळालाही. मामांच्या डोक्याला हात! "एवढा भारी माल घेतला नि खाली भोकां ठेवली! बसवणाऱ्यानं फसवला आपल्या पोराला." मग काय, नळीतला तो फटी बुजवायचा चिकट लाप्पा घेऊन त्यांनी एकूण एक भोक इतक्या प्रेमानं बुजवलं, की मुंगीला वास घ्यायला जागा ठेवली नाही.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावण लागता लागता, पुढच्या खिडकीवर पांढरा पट्टा दिसायला लागला. आईंनी पदरानं पुसला, जाईना. म्हणाल्या, मळ बाहेरच्या अंगाला आहे. मामा भर पावसात बाहेर गेले, पुसलं, जाईना. मग सुरू झालं! आतून आई बोट दाखवून ओरडतायत, "तुझ्या बाजूला हाय!" बाहेरून मामा छाती बडवून ओरडतायत, "तुझ्या बाजूला हाय!" दोघांची तोंडं हलतायत आणि डबल काचेतून एकमेकांना अक्षर ऐकू येत नाही. आम्ही दोघं तेव्हा कुडपणलाच गेलो होतो; मी मध्ये पडवीत उभी राहून हसून हसून खाली बसले. पण दोन दिवसांत हसू गेलं. वाफ दोन काचांच्या मध्ये शिरली होती. काच दुधासारखी पांढरी झाली. गोठा दिसेना, म्हस दिसेना, अंगणात कोण आलं ते कळेना. पडवीचं दार रुळातच अडकलं आणि आई मागच्या दारानं, भिंत धरत, चिखलातून गोठ्यात जायला लागल्या.

हे भावजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी फोनवर सरळ निकाल दिला. "पुरे झालं आता. एवढं करूनही घर टिकत नाही. गणपती उरकले की कुलूप लावायचं, म्हस कुणाला तरी द्यायची आणि आई माझ्याकडे." वाईट हेतूनं नाही हो बोलले, काळजीनंच बोलले. पण फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ त्या पांढऱ्या काचेकडे तोंड करून बसल्या. मला म्हणाल्या, "मी तिकडं मरायची नाय गो, पण जगायची बी नाय." मामा उठले, पिशवी घेतली आणि म्हणाले, "गणपतीला अजून अवकाश हाय."

त्यानंतर जे झालं त्याला उपचार म्हणायचं की छळ, देव जाणे. आधी मामांनी महाडहून माझं केस वाळवायचं यंत्र मागवलं आणि काचेला ऊब दिली. वाफ तेवढ्यापुरती पसरली, सकाळी पुन्हा हजर. मग त्यांनी ती जोडकाच चौकटीतून उतरवली, खिडकीला ताडपत्री ठोकली आणि काच चुलीच्या वरच्या माळ्यावर, सुकटीच्या टोपलीशेजारी वाळत ठेवली. काच वाळली नाही, पण तिला सुकटीचा वास लागला आणि मांजर तिला चाटायला लागली. शेवटी त्यांनी तिची कड उकलून पाहिली. दोन काचांच्या मधल्या पट्टीत साबुदाण्यासारखे दाणे निघाले, ओल शोषून घेणारे. मामांनी ते सूप भरून उन्हाच्या तिरिपेत ठेवले. आईंनी बिचाऱ्यांनी विचारलं, "उपासाला चालतात का रे बाबू?" मी म्हटलं, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. जोडकाचेची होती ती आशाही गेली. आता नवीनच मागवावी लागणार होती.

आणि मग एका दुपारी, रिकामी चौकट पुसताना, मामांनी खालच्या पट्टीत केसाचा आकडा घातला. कशाला घातला त्यांनाच माहीत, हाताला चाळा. चिकट बूच सुटलं आणि आतून भळाभळा पाणी आलं. तांबूस, कुजकं, किती दिवसांचं साठलेलं. मामांच्या पायावरून वाहत अंगणात गेलं. दुसरं भोक मोकळं केलं, तिथंही तेच. दाराच्या रुळात तर डबकंच होतं. ती भोकं पाऊस आत यायला नव्हतीच. आत आलेला पाऊस बाहेर जायला होती. पाणी कोंडून बसलं, काचेची कड त्यात भिजत राहिली आणि तिचा सांधा सुटला.

आता इथं दुसरा कुणी असता तर काय केलं असतं? हळूच भोकं मोकळी करून, बसवणाऱ्याला शिव्या देऊन मोकळा झाला असता. मीसुद्धा तेच केलं असतं. मामा अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या वाडीला हाक घातली. "या रे समदी! माझी चूक बघून जावा!" माणसं आली. मामांनी एकेक भोक दाखवून सांगितलं, हे मी बुजवलं, ह्यानं हे झालं, तुमच्याकडं अशी खिडकी आली तर आगोटीला ह्याला हात लावू नका. लोक हसले. मामा म्हणाले, "हसा, पण ध्यानात ठेवा." मग माझाच फोन घेऊन त्यांनी भावजींना लावला. "तुझी खिडकी धड होती. वाटोळं मी केलं. आक्काला शिक्षा नको देऊ." पलीकडून भावजी काहीतरी बोलत होते, तोवर मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते उरलेली भोकं मोकळी करायला बसले. सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला ह्या वेड्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

नवी जोडकाच महाडच्या एका काचवाल्यानं मागवून दिली. ती वर कुडपणला नेताना मामा टेम्पोत मागे तिला मिठी मारून बसले होते, वळणावळणाला "सावकाश रे!" ओरडत. दाराची गंजलेली चाकं बदलली. आणि पुढच्या खिडकीत त्यांनी काचवाल्याकडून एक बदल करून घेतला. आधीची काच बंदच असायची, आता अर्धा भाग उघडता येईल असा केला. भावजींना ते पसंत पडेल की नाही, ह्याची मला धास्ती होती.

भावजी गणपतीला आले. आल्या आल्या खिडकी बघितली. "मामा, उघडायचीच होती तर डबल काच कशाला?" मामा काही बोलायच्या आत अंगणातून शेवंताकाकूंची हाक आली, "हाय का गो घरात?" आईंनी बसल्या जागेवरून खिडकी सरकवली, "ये गो! थोरला आलाय माझा!" आणि मग म्हशीबद्दल, पावसाबद्दल, नैवेद्याबद्दल दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. भावजी दारात उभे राहून ऐकत होते. आईंचा असा मोठा आवाज मुंबईत त्यांनी कधी ऐकला नसावा. आई तिथं गेल्या की कुजबुजत बोलतात. शेवंताकाकू गेल्यावर भावजी म्हणाले, "राहा आई इथंच. पण वारा सुटला की ती खिडकी लावून घे, आणि माझा फोन उचलत जा." आई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

विसर्जन झालं आणि मी मामांना खाली सोडायला निघाले. मी म्हटलं, "जिंकलात हो मामा! आईंना राखलंत." मला वाटलं, आता फुशारकी मारतील, चार निदानं सांगतील. त्यांनी वाटेतल्या एका दाराकडंसुद्धा पाहिलं नाही. बरंच पुढं गेल्यावर म्हणाले, "तिच्यासाठी कुठं गो. ती म्हमईला गेली असती तर लेकाकडं गेली असती. मी कुणाच्या घरी गेलो असतो?"

आमच्याकडं या की, असं मला पटकन म्हणता आलं असतं. पण बहिणीचं घर ते बहिणीचं घर, हे मलाही कळतं. मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली. एरवी ते कुणाला तिला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी दिली, आणि आम्ही दोघं रस्त्यापर्यंत उतरत राहिलो.