सहा ते आठचा पहारा

वडील आषाढात वारले. त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा म्हणून सगळे नदीकाठी वाट बघत बसले होते. मी करवंदीच्या जाळीमागे होतो आणि खिशात बाटली होती. ही गोष्ट मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण पुढे जे घडले त्याची सुरुवात तिथे आहे.

मी तेव्हा वाशिंदच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. दिवसा मी पीत नसे. संध्याकाळी सहा वाजले की पाय गावाबाहेरच्या गुत्त्याकडे वळत. दिवसा पीत नाही म्हणजे आपण दारुडे नाही, असे माझे म्हणणे होते. घरात ते कोणाला पटत नव्हते. भाद्रपदात बायको मुलीला घेऊन मुरबाडकडे माहेरी गेली. भांडण झाले नाही. पिशवी उचलताना ती एवढेच म्हणाली, "ज्या दिवशी संध्याकाळचे शुद्धीत असाल, त्या दिवशी मी येईन." मी मनाशी हिशेब केला, तसा दिवस गेल्या दोन वर्षांत एकही सापडला नाही. देवाला हात जोडावेसे वाटत नव्हते. वडील जन्मभर देवळात उभे राहिले, त्यांना मुलगा माझ्यासारखा मिळाला. मग देवाकडे काय मागायचे?

आमच्या गावात माघात मारुतीच्या देवळात सात दिवसांचा सप्ताह बसतो. तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नेम आहे. दर दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. या दोन तासांना पहारा म्हणतात, आणि प्रत्येक पहारा एकेका घराला ठरलेला असतो. सहा ते आठचा आमच्या घराचा. वडिलांनी तो कधी चुकवला नाही. त्या वर्षी देवळाच्या मंडळाने गेल्या वर्षीची वही समोर ठेवून फळ्यावर नावे उतरवली. वडिलांचे नाव तसेच लिहिले गेले. ते वारले हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, पण नाव कोणाला खटकले नाही.

पहिल्या दिवशी सहाच्या सुमारास मी देवळावरून गुत्त्याकडे निघालो होतो. चार ते सहाचा पहारा धर्माबुवांचा. वडिलांचे सोबती, पंचाहत्तरी ओलांडलेले. वीणा गळ्यात असल्याने त्यांना जागा सोडता येत नव्हती. त्यांनी दारातून मला हाक मारली आणि फळा दाखवला. मी म्हणालो, बाबा गेले, दुसरा कोणी बघा.

"सगळी शेतावर नि कामाला गेलीत. माझं गुडघं आता ऱ्हात नाय," ते म्हणाले. "वीणा खाली ठेवायची तर तूच ठेव. पहारा तुझ्या बापाचा हाय."

मी आंघोळ नसल्याचे सांगितले. ते म्हणाले, "टाकीवर जा, चार तांबे ओत. तंवर उभाय मी."

माघातले पाणी अंगावर घेऊन, ओल्या केसांनी मी परत आलो. वीणा देताना आणि घेताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. धर्माबुवा कमरेत वाकले तेव्हा मला मागे सरायचे होते, पण वीणा मध्ये होती. ती गळ्यात आली आणि माझे हात थरथरू लागले. सहाची वेळ झाली की ते रोजच थरथरत.

एक गोष्ट मी विसरलो होतो. देवळात येणारा प्रत्येक माणूस वीणेकऱ्याच्याही पाया पडतो. त्या संध्याकाळी निम्मे गाव माझ्यापुढे वाकले. मास्तर वाकले, शेजारची आजी वाकली. मग धुतलेला सदरा घालून गुत्तेवाला आला. वाकून उठल्यावर त्याने माझे तोंड पाहिले.

"तू हितं कसा रे?"

"पहारा हाय."

"मग आज तुझी वाट नाय बघत," तो म्हणाला आणि तीर्थ घ्यायला गेला. रांगेतले दोघे-तिघे हसले. मलाही हसू आले. हसता हसता सात वाजून गेल्याचे लक्षात आले.

आठला पुढचा माणूस आला. मी घरी जाऊन झोपलो. झोप लागली नाही, तरी बाहेरही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा उभे राहायचे होते. तिसऱ्या दिवशी घाम सुटला, पाय लटपटू लागले. धर्माबुवांनी मला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दारू अशी एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते, आधी यायला हवे होते, असे सांगितले. हा आजार आहे, नुसत्या शपथेने जात नाही, हेही सांगितले. रविवारी शाळेच्या खोलीत दारू सोडलेले लोक जमतात, तिथला पत्ता दिला. मला आजवर लोकांनी नालायक म्हटले होते. आजारी असे प्रथमच कोणी म्हटले, आणि ते ऐकून फार हलके वाटले.

सातव्या संध्याकाळी मुरबाडकडची भजनी मंडळी टेम्पोने आली. जागराला ती दरवर्षी येते. त्यात बायकोचे मामा होते. टेम्पोतून बायको आणि मुलगीही उतरल्या. मी निरोप धाडला नव्हता. धर्माबुवांना विचारले, तर तेही नाही म्हणाले.

ती रांगेतून पुढे आली. वाकण्याआधी माझ्या अगदी जवळ थांबली आणि तिने खोल श्वास घेतला. मग वाकली.

"तुमच्या पाया नाय पडले," उठताना ती म्हणाली. "वीणेच्या पडले."

"म्हाईत हाय."

मुलीने विचारले, हे कधी संपणार. आठला, मी सांगितले. बायको पुढे गेली नाही. खांबाला टेकून आठपर्यंत बसून राहिली. टाळ वाजत होते आणि मी त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, देवळात पावली धरली. मुलगी समोर उभी राहून माझी नक्कल करत नाचत होती.

त्या रात्री दोघी माझ्याबरोबर घरी आल्या, पण त्यानंतर सगळे सरळ झाले असे नाही. शिमग्याला मी पुन्हा प्यालो. बायकोने पिशवी भरली नाही. सकाळी म्हणाली, "आज सहाला देवळात जा. आठला जेवायला या." त्या दिवसापासून मी रोज सहा ते आठ देवळात असतो. वीणा नसते. झाडतो, समया घासतो, कोणी आले तर बोलत बसतो. रविवारी शाळेच्या खोलीत जातो. त्याला आता बरीच वर्षे झाली.

सप्ताहाच्या फळ्यावर अजून वडिलांचेच नाव लिहितात. मंडळाने बदलू का विचारले, मी नको म्हणालो. नाव चुकून राहिले की ठेवले गेले, याचा शोधही मी घेतलेला नाही. मला एवढे कळले की जन्मभराची वीणा कोणी माझ्या गळ्यात घातलेली नाही. माझे दोन तास, मग पुढचा माणूस येतो, हा त्या देवळाचा विश्वास आहे. वडील गेले त्या वर्षी, एकदाच, सहा वाजता यायला माणूस उरला नव्हता. त्या दिवशीही कोणीतरी आले.