जादा सीट

आमच्या गेम कंपनीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "सोलापूरच्या गल्लीतून थेट पुण्यात!" अरे, गेलात तर गेलात. एवढा गाजावाजा कशाला?

सुरुवात झाली ती सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत. मी आणि माझा कॉलेजातला मित्र, दोघंच. तो कोड लिहायचा, मी चित्रं काढायची आणि लेव्हल रचायची. गेमची कल्पना मात्र माझ्या वडिलांची. आप्पा एसटीत कंडक्टर होते, सगळा जन्म करमाळ्याच्या गाडीवर गेला. दाराशी उभं राहून ते चढणाऱ्याला विचारायचे, "कुटं उतरनार?" आणि मगच बसवायचे. लांबचा मागं, जवळचा दारापाशी, म्हणजे उतरताना कुणाला कुणाच्या अंगावरून जावं लागू नये. आमचा गेम म्हणजे तेवढंच. स्टॉपवर रांग, गाडीत मोजक्या सीटा. एकेकाला बोटानं ओढून नीट जागी बसवायचं. सगळे बसले की घंटी वाजते आणि गाडी सुटते.

नवी लेव्हल झाली की दुपारी मी गल्लीतल्या बायकांच्या हातात फोन द्यायची. कुणी च्च केलं तर लेव्हल अवघड, कुणी जांभई दिली तर फारच सोपी. हेच आमचं टेस्टिंग. आणि गेम चालला की हो! दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं खेळायची, भाजी निवडता निवडता बाया खेळायच्या. मी चोरून बघायची आणि खूश व्हायची.

मग पैसेवाले आले. ऑफिस पुण्याला गेलं, मित्रही गेला. मी सोलापुरात बसूनच काम करायला लागले, कारण त्याच सुमाराला आप्पांना लकवा मारला. जीभ वाचली, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. मी रबरी चेंडू आणून दिला, तो त्यांनी डाव्या हातानं भिरकावला. "मी काय कुत्रं हाय व्हय चेंडू खेळायला?" शेवटी फोन दिला. गेम बघून म्हणाले, "आगं, ही तर माजीच गाडी की!"

त्या दिवसापासून त्यांचं थरथरतं बोट त्या रांगेतून माणसं ओढायला लागलं. घाम फुटायचा, पण सोडायचे नाहीत. हळूहळू त्याच हातानं त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आपण केलेली एखादी गोष्ट इतकी कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

इकडे कंपनी फुगत होती. एका मीटिंगमध्ये मित्र म्हणाला, "लोक फार सहज जिंकतात."

"मग जिंकू देत की. तुझं काय जातं?"

"अडलेला युजर जाहिरात बघतो," तो म्हणाला.

आणि काही लेव्हलमध्ये त्यांनी रांग अशी लावली, की तुम्ही काहीही करा, शेवटी एक म्हातारी स्टॉपवर राहणारच. जाहिरात बघितली की गाडीत एक जादा सीट मिळणार. मी भांडले. ही लबाडी आहे, म्हटलं. तर म्हणे, "तू भावनिक होतेस." भावनिक! आमच्या घरची शेंगाचटणी खाऊन वाढलेला हा माणूस, मला भावनिक म्हणतो! तेव्हाच राजीनामा तोंडावर मारायला हवा होता. पण घर माझ्या पगारावर, आप्पांचा व्यायाम घ्यायला येणारी बाई माझ्या पगारावर. राहिले.

व्हायचं तेच झालं. आप्पा अडकले. "उभ्यानं घ्या की म्हातारीला!" असं फोनच्या पडद्याकडे बघून ओरडायचे. मी म्हटलं, आप्पा, ते बटण दाबा, सीट मिळेल.

"गाडीत सीट वाढती व्हय कुटं? लबाडीचं काम हाय ते. माज्या गाडीतनं कुनी मागं राह्यलं न्हाय आजवर."

रोज तीच लेव्हल, रोज तीच म्हातारी. आधी चिडायचे. मग चिडायचेही बंद झाले, आणि ते मला सहन होईना. एकदा त्यांचे जुने ड्रायव्हर भेटायला आले, तर त्यांना म्हणाले, "हात आला, पन डोकं गेलं बग. रांग लावता येईना."

मी मित्राला फोन केला. निदान ती एक लेव्हल सैल कर, म्हटलं. तो हसला. "तुझ्या वडिलांसाठी गेम बदलायचा?"

"मेल्या, त्यांच्याच गाडीत बसून पुण्याला गेलास तू!" एवढं बोलून मी फोन कापला.

मग आप्पा झोपलेले असताना मी त्यांच्या फोनमध्ये गेमची जुनी, सरळ आवृत्ती टाकली. उठल्यावर त्यांनी ती लेव्हल एका दमात सोडवली. घंटी वाजली, गाडी सुटली. मी टाळ्या वाजवल्या. ते हसले नाहीत.

"रांग बदललीस," म्हणाले. "म्हातारी शेवटाला हुती. आता मधी घेतलीस. सोपं करून दिलंस मला."

मग मी सगळं सांगून टाकलं. ती लेव्हल कुणालाच सुटत नाही, मला स्वतःलाही नाही, ती मुद्दाम तशी केली आहे. तुमचं डोकं शाबूत आहे, आप्पा. अगदी शपथ घेऊन सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डावा हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

"खुळी का काय! लोकांना मुद्दाम कशाला अडवतील? आन् तू हाईस की तितं. तू असताना असलं कोन करू दील?"

"आप्पा, खरंच..."

"बास. माजी समजूत काडायला कंपनीला नावं ठेवू नगंस."

फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि उजवा हात चादरीखाली ओढून घेतला. त्यानंतर त्यांनी फोन मागितला नाही. मी अजून त्याच कंपनीत आहे.