खालच्यांचा वाटा

बालीची सहल आमच्या लेकीची भेट होती. हे रिटायर झाले म्हणून. ती खराडीतल्या ऑफिसात बसून एकेक दिवस आखत होती आणि मी कर्वेनगरात बसून घाबरत होते. देवळं, समुद्र, डोंगरउतारावरची भाताची शेतं, इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटच्या दिवशी जीपमधून ज्वालामुखी होता, तोही जिवंत. मी कुकरची शिट्टी अडकली तरी स्वयंपाकघराबाहेर पळणारी बाई.

तिथे पोचल्यावर मात्र मला डोंगराआधी जमिनीचीच भीती वाटायला लागली. सकाळी हॉटेलचं दार उघडावं तर उंबऱ्याशी पानाचा छोटासा द्रोण, त्यात फुलं, भात, बिस्किट, उदबत्ती. दुकानांपुढे, फुटपाथवर, चौकाचौकांत तेच. ड्रायव्हरनं मोडक्या इंग्रजीत समजावलं की उंचावर ठेवतात ते देवांचं आणि जमिनीवर ठेवतात ते खालच्यांचं, त्यांनी शांत राहावं म्हणून. म्हणजे उताराच की! मी बुधवार पेठेत वाढले. अमावास्येला गल्लीच्या तोंडाशी लिंबू, भात, नारळ पडलेला दिसला की आई माझं मनगट धरून लांबून न्यायची. उतारा ओलांडायचा नाही, हात तर लावायचाच नाही. लावला, तर दुसऱ्याची पीडा आपल्याला धरते. मी शिकलेली आहे, असलं काही मानत नाही असं चारचौघांत सांगतेही, पण पाय आपोआप बाजूला होतो. सगळी बाली मी खाली बघत पाहिली. हे म्हणाले, प्रत्येक फोटोत तुझा नुसता भांग येतोय.

ज्वालामुखीच्या दिवशी नेमकी संकष्टी आली, यांचा उपास. यांना मधुमेह आहे. घरी त्याची अडचण होत नाही, कारण आमच्याकडे उपास म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. खिचडी, रताळी, दाण्याची आमटी. हॉटेलात साबुदाणा कुठला असायला? यांनी पपईच्या दोन फोडी खाल्ल्या आणि औषध मात्र सवयीनं रोजच्याइतकंच घेतलं. राजगिऱ्याचे लाडू माझ्या पर्समध्ये होते. निघताना म्हणाले, "पर्स कशाला? ज्वालामुखीवर मंडई भरत नाही." मी चिडून पर्स पलंगावर टाकली.

जीप थांबली तिथे नजर जाईल तिकडे काळे, धारदार दगड होते. कधीकाळी वाहत आलेला लाव्हा तसाच थिजला होता. एका फटीतून वाफ येत होती आणि वास असा, की नाकाला पदर लावावा लागला. ड्रायव्हर खाली कुणाच्या तरी जीपचं रुतलेलं चाक काढायला गेला. हे फोटो काढत पुढे गेले आणि एकदम एका दगडावर बसले. ऊन फारसं नव्हतं, तरी शर्ट घामानं भिजला होता. हात थरथरत होते.

"अहो, पाणी देऊ का?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, आपण जरा सरकता का? मला डेक्कनला उतरायचंय."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. साखर उतरली होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, अशा वेळी लगेच गोड द्या, नाहीतर माणूस बेशुद्ध होतो आणि मग हातात काही राहत नाही. मी त्यांचे खिसे चाचपले. चष्म्याचं फडकं आणि हॉटेलची किल्ली. ड्रायव्हरला हाका मारल्या, तर वाऱ्यानं आवाज भलतीकडेच गेला. यांची मान कलायला लागली.

वाफेच्या फटीशी, जमिनीवर, एक द्रोण होता. त्यात झेंडू, चिमूटभर भात आणि कागदात गुंडाळलेल्या संत्र्याच्या दोन गोळ्या.

मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही, पण थांबले, आणि ते थांबणं अजून माझ्या अंगावर येतं. मग हात घातला. गोळी दातांनी फोडली आणि चुरा यांच्या गालात सारला. उष्टा, भुतांच्या ताटातला. मग दुसरी. डोळे मिटून मनात म्हटलं, तुमचं मी घेतलंय, यांनी नाही. लागायचं ते मला लागू दे.

वाफ तशीच येत राहिली. यांचा गाल हळूहळू हलायला लागला. बऱ्याच वेळानं डोळे स्थिर झाले, माझ्यावर आले. तोंड वाकडं करून म्हणाले, "अगं, संत्र्याची गोळी उपासाला चालते का?"

"चालते," मी म्हटलं आणि तिथेच बसून रडले.

ड्रायव्हर परत आल्यावर त्यानं आम्हांला थेट दवाखान्यात नेलं. गोळ्या कुठल्या हे मी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही.

पुण्याला आल्यावर मला ताप भरला. बारीक, पण उतरेना. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा आहे, जाईल. हे उशाशी बसून थर्मामीटर उजेडाला धरायचे आणि चेहरा पाडून आकडा सांगायचे. तो ऐकला की मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची. ते गार असायचं. मग मला शांत झोप लागायची.